आमच्या मांजरीला, ठमीला, विंचू चावलाय असं वाटतंय, सकाळपर्यंत थांबू की आत्ताच नेऊ?

खिडकीपाशी, रात्री १:५०

घाईत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

एकच्या सुमारास बाथरूममधून ठमी ओरडली. भांडताना काढते तसा लांबलचक आवाज नव्हता. एकदाच, खूप जोरात, आणि लगेच गप्प. मी पोचेपर्यंत ती पुढचा डावा पंजा झटकत तीन पायांवर बाहेर आली होती. दिवा लावला तर पायपुसण्याच्या कडेला विंचू. रंग तांबूस, पाय जवळजवळ नारिंगी, नांगीसकट माझ्या करंगळीहून थोडा लांब. पुढचे चिमटे बारीक, शेपटी मात्र चांगली जाड. त्याच्यावर स्टीलचा डबा पालथा घालून वर जाड पुस्तक ठेवलंय.

ठमी साडेतीन वर्षांची आहे, नसबंदी झालेली, मागच्या महिन्यात लस दिली तेव्हा वजन ३.४ किलो होतं. आत्ता पलंगाखाली अगदी भिंतीला चिकटून बसलीये आणि तोच पंजा सारखा चाटतेय. बॅटरी मारून पाहिलं, सूज मला तरी दिसली नाही. हनुवटी ओली आहे, पण ती चाटण्यामुळे की लाळ गळतेय ते कळत नाही. हात पुढे केला तर गुरगुरली. माझ्यावर ती आजवर कधी गुरगुरलेली नाही.

आवाजाने शेजारचे आजोबा उठले. ते म्हणाले, मांजराला विंचू चढत नाही, झोप जा. सूज नाही म्हणजे विष फार गेलं नसेल ना? आमच्या डॉक्टरांचा दवाखाना नऊला उघडतो. तोपर्यंत दुखणं कमी व्हावं म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी दिली तर चालेल का? गोळी घरात आहे. तिचे हाल बघवत नाहीत.

पारवा, रात्री १:५४

गोळी देऊ नका. पाव नाही, कणभरही नाही. पॅरासिटामॉल मांजराला मारतं. आधी ते पाकीट लांब ठेवा, मग पुढचं वाचा.

आता लांबूनच तिचा श्वास मोजा. छाती वर गेली आणि खाली आली की एक. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. जमलं तर ओठ जरा उचलून हिरडीचा रंग बघा, पण चावायला आली तर हट्ट करू नका. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर मोजत बसायचं नाही, उचलायचं आणि निघायचं.

विंचवाला डब्याखालीच राहू द्या. शेजारी पेन ठेवून एक फोटो काढता आला तर उत्तम.

खिडकीपाशी, रात्री १:५७

नाही दिली. पाकीट हातात होतं, आता कपाटात वर ठेवलं. मोजते.

मांजरांची_आत्या, रात्री २:०८

ताई, पाकीट ठेवून दिलंत हे वाचून जीव भांड्यात पडला. का, ते सांगते, कारण हा धागा पुढे आणखी कोणीतरी अशाच रात्री शोधत येईल.

अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे काळू नावाचा बोका होता. साडेचार किलोचा, धट्टाकट्टा. त्याला मागच्या पायाला विंचू चावला. लंगडत होता, पाय चाटत होता, एवढंच. मला तुमच्यासारखंच ते बघवेना, म्हणून रात्री माणसाची अर्धी गोळी पाण्यात विरघळवून त्याला पाजली. तीन तासांनी त्याचं तोंड आणि पंजे सुजले. मला वाटलं विष चढतंय. श्वास जड झाला. पहाटे डॉक्टरांनी ओठ उचलला तर हिरड्या चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी. त्यांनी विंचवाबद्दल काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न होता, "काय दिलंत याला?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. आणि चावलेला पाय तोपर्यंत नीट टेकवायला लागला होता.

माणसाचं यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करून बाहेर टाकतं, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. मग त्याच औषधाचे घातक तुकडे रक्तात फिरतात आणि हिमोग्लोबिनचा मेथहिमोग्लोबिन होतो. तो प्राणवायू वाहून नेत नाही. रक्त तपकिरी होतं, हिरड्या तपकिरी होतात, आणि मांजर फुफ्फुसं चांगली असूनही गुदमरतं. ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा. मला वेळ कसली चाललीय हेच कळलं नव्हतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांचंही तेच, फक्त मारण्याची वाट निराळी. बधिर करणारे जेल आणि फवारे नकोत, त्यातल्या बेंझोकेननेही रक्त तसंच बिघडतं. बाम नको. कांदा किंवा लसूण ठेचून तर मुळीच लावू नका, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराच्या अंगावर लावलेलं ते त्याच्या पोटात गेलंच असं धरून चालायचं, कारण पुढच्या मिनिटाला ते चाटणार असतं.

आता सुजेचं. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली की मांजराचा पंजा बटाट्यासारखा फुगतो, म्हणून आपण विंचवातही सूज शोधतो. पण जे विंचू खरे धोकादायक त्यांचं विष मांस सुजवण्यापेक्षा मज्जातंतूंवर काम करतं. मज्जातंतूत सोडियम आत सोडणारी दारं असतात, ती क्षणभर उघडून बंद व्हायला हवीत. हे विष ती नीट मिटू देत नाही. मग तो तंतू थांबतच नाही, एकामागून एक संदेश पाठवत राहतो. दुखणं त्यातून, लाळ त्यातून, अंग उडणं त्यातून, आणि हृदयाची धडधडही त्यातूनच. त्यामुळे सूज नाही यावर निर्धास्त होऊ नका. तुम्ही लिहिलंत ना, चिमटे बारीक आणि शेपटी जाड? ते वाचून मला काळजी वाटली. माणसांना मारणारे जवळजवळ सगळे विंचू बुथिडी कुळातले, आणि त्यांची ठेवण साधारण अशीच असते. जाड खेकड्यासारखे चिमटे आणि बारीक शेपटीचा मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण बहुधा त्याचं विष त्या मानाने सौम्य असतं. हा ठोकताळा आहे, यावरून निदान करायचं नाही. पण तुमच्या वर्णनावरून मी तरी सकाळची वाट बघणार नाही.

हनुवटीचं असं करा. पांढरा कोरडा रुमाल लांबूनच तिच्या तोंडाखाली सरकवा आणि ती चाटायची थांबेल ती दोन मिनिटं बघा. चाटत नसतानाही थेंब पडले, तार लोंबली, तर ती लाळ आहे. बॅटरी तिरकी मारून डोळ्यांची बाहुली बारीक होते का बघा. कानांची टोकं, मिशा, पाठीवरची कातडी आपोआप उडतेय का बघा. ती स्वतः उठून चार पावलं चालली तर लंगडतेय की झोकांड्या खातेय ते बघा. लंगडणं वेगळं आणि झोकांडी वेगळी.

माझ्या सोनीला चावला होता तेव्हा ती पाच तास लंगडली, सकाळी नेहमीसारखं खाल्लं, संपलं. पण चार महिन्यांचं एक पिल्लू होतं, १.१ किलोचं. वीस मिनिटांत लाळेने छाती भिजली, अंग थरथरायला लागलं, आणि बुबुळं आडवी हलायला लागली, घड्याळाच्या लंबकासारखी. एक अख्खी रात्र प्राणवायूच्या पेटीत काढली त्याने, तेव्हा वाचलं. विंचू तेवढाच, विष कदाचित तेवढंच, अंग मात्र एवढंसं. म्हणून पिल्लू, म्हातारं मांजर आणि हृदयाचा आजार असलेलं मांजर यांच्यासाठी मी लक्षणांची वाट बघतच नाही.

आत्ता करायचं एवढंच. खोली बंद, दिवा मंद, दुसरं जनावर किंवा माणसांची गर्दी नको. पिंजरा आत्ताच काढून त्यात टॉवेल घाला. तिला पलंगाखालून पाय धरून ओढू नका, वरून जाड टॉवेल टाकून त्यासकट उचला. बर्फ फडक्यात गुंडाळून पाच-दहा मिनिटं पंजाला लावू दिला तर बरं वाटतं, पण झटापट होत असेल तर सोडून द्या. झटापटीने हृदयावर जो ताण येतो तो बर्फाच्या फायद्याहून महाग पडतो. वर घट्ट बांधायचं नाही, चिरायचं नाही, दाबून रक्त काढायचं नाही. काटा शोधू नका, मधमाशीसारखा विंचवाचा काटा आत राहत नाही. गळ्यात पट्टा असेल तर काढा. दूध, पाणी, अन्न काही तोंडात घालू नका. लाळ गळणाऱ्या मांजराचं गिळणं भरवशाचं नसतं, पाणी फुफ्फुसात जातं.

आणि नऊची वाट न बघता आत्ता फोन करा. स्वस्थ बसलेली असताना श्वास ४० च्या वर, न चाटता लाळ, उलटी, अंग उडणं, झोकांडी, किंवा उजेडातही न मिटणारी मोठी बाहुली, यातलं काहीही दिसलं तरी निघा.

खिडकीपाशी, रात्री २:२१

पहिल्यांदा ३६ भरले. दहा मिनिटांनी ४६.

रुमालावर थेंब नाही, सरळ ओला गोलच झालाय. हनुवटीवरून तार लोंबतेय. एकदा पांढरा फेस उलटला. डाव्या कानाचं टोक सारखं उडतंय, मला वाटलं माझा भास. हिरडी गुलाबी आहे, पण नेहमीपेक्षा गडद वाटली.

आमच्या डॉक्टरांचा फोन बंद. रात्रभर चालू असलेलं एक प्राण्यांचं रुग्णालय मिळालं, गाडीने पंचवीस मिनिटं. त्यांनी लगेच या म्हटलं. भाऊ गाडी काढतोय. फोटो घेतलाय. निघाले.

पशुवैद्यक_रात्रपाळी, रात्री २:३४

योग्य केलंत. वाटेत वाचाल म्हणून आधी थोडक्यात: पिंजऱ्यावर अर्धं फडकं टाका, पिंजरा मांडीवर नको, सीटवर सपाट ठेवा. तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तर तिथे फोन करून तेवढंच सांगा, ते दारात प्राणवायू घेऊन उभे राहतील. पोचल्यावर चार गोष्टी स्वतःहून सांगा: चावल्याची वेळ एक वाजता, वजन ३.४ किलो, कोणतंही औषध दिलेलं नाही, विंचवाचा फोटो आहे. यातलं तिसरं वाक्य आम्हाला सर्वांत जास्त उपयोगाचं असतं.

बाकीचं मागाहून वाचणाऱ्यांसाठी.

दवाखान्यात आल्या आल्या भराभर तपासण्या झाल्या नाहीत तर नाराज होऊ नका. घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या मांजराला आधी प्राणवायूच्या पेटीत शांत बसू देणं हाच उपचार असतो. पाठोपाठ वेदनाशामक, बहुधा ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखं. वेदना ही फक्त तिच्या सुखाची बाब नाही, वेदनेनेच हृदयाचे ठोके आणि रक्तदाब आणखी चढतात. अंग उडत असेल तर मिडॅझोलॅम किंवा मेथोकार्बामोल. रक्तदाब आणि ईसीजी बघत राहायचं.

सलाईनबद्दल मुद्दाम सांगतो, कारण "सलाईन का लावत नाही" असं हमखास विचारलं जातं. या विषाने शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकतं, आणि मागे तुंबलेलं पाणी फुफ्फुसात उतरतं. अशा वेळी सढळ हाताने सलाईन दिलं तर आपणच फुफ्फुसं भरायला मदत करतो. ते मोजून, छाती ऐकत ऐकत द्यायचं असतं.

माणसांच्या बाबतीत ही साखळी ओळखून ती प्राझोसिनने तोडायचं मोठं काम डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलं. लाल विंचवाच्या दंशावरचे त्यांचे लेख १९८२ आणि १९८६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या त्यांच्या अभ्यासात प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिल्यावर रुग्ण एकट्या प्राझोसिनपेक्षा लवकर सावरले. मांजरात हे औषध आम्ही एरवी लघवीचा मार्ग आवळला तर वापरतो. विंचवासाठी वापरायचं की नाही हे रक्तदाब मोजूनच ठरवायचं, कारण दाब आधीच खाली आला असेल तर त्याने तो आणखी कोसळतो. म्हणून हेसुद्धा घरी द्यायचं औषध नाही.

प्रतिविष प्रत्येक विंचवागणिक वेगळं असतं. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळालेलं ॲनास्कॉर्प तिथल्या सेंट्रुरॉइड्स जातीच्या विंचवांसाठी आहे, ते दुसऱ्या जातीच्या विंचवाला लागू पडेलच असं नाही. आणि सापाचं प्रतिविष विंचवाला चालत नाही, कितीही आग्रह केलात तरी. स्टेरॉइड आणि ॲलर्जीच्या इंजेक्शनांनी हे विष निकामी होत नाही.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "विंचू चावला" म्हणून आणलेलं मांजर तपासल्यावर भलतंच निघतं, असं मी पाहिलंय. मांजर अचानक किंचाळलं, मागचे पाय लुळे पडले, पंजे गार आणि तळवे फिकट किंवा निळसर, तर तो विंचू नाही. हृदयातली गुठळी सुटून मागच्या पायांच्या धमनीत अडकलेली असते, आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. अंग थरथरतंय, लाळ गळतेय, पण कोणी ओरडणं ऐकलं नाही आणि विंचूही दिसला नाही, तर मी पहिल्यांदा विचारतो: घरात कुत्र्याच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध आणलंय का? त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, आणि मांजराला ते नुसतं लागलं तरी झटके येतात. पापण्या जड, आवाज बसलेला, अंगातली ताकद उतरत चाललेली असेल तर साप डोक्यात ठेवतो. म्हणून विंचू दिसला असला तरी तपासणी चुकवू नका.

मिशीवाला, सकाळी ७:४०

आत्ता वाचलं. ठमी कशी आहे?

आजोबांच्या वाक्याबद्दल. माझा बोका विंचू मारतो, मी स्वतः तीनदा पाहिलंय. पंजाने चापट मारून मागे उडी, परत चापट. मला वाटतं लोकांनी हेच पाहिलं आणि मांजराला विंचू चढत नाही असं धरलं. पण तो चपळाईने वाचतो. शिवाय विंचू दर वेळी नांगीतून पूर्ण विष सोडतोच असं नाही, कधी कोरडीच मारतो. ज्याला खरोखर चढत नाही असा प्राणी मी वाचलाय, तो अमेरिकेच्या वाळवंटातला टोळ खाणारा उंदीर. २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात त्यावर अभ्यास आला होता. त्याच्या वेदनेच्या तंतूंमधलं एक दार असं बदललेलं आहे की तिथल्या विंचवाचं विष त्याला चिकटून वेदना उलट बंदच करतं. मांजरात तसं काही नाही.

एक विचारायचं होतं. मेलेला विंचू मांजराने खाल्ला तर?

पशुवैद्यक_रात्रपाळी, सकाळी ८:०५

विष प्रथिनांचं असतं, पोटात ते पचून जातं. प्रश्न खाण्याचा नाही, जिवंत विंचू तोंडात धरताना जिभेला किंवा घशात नांगी बसण्याचा आहे. तिथली थोडी सूजही श्वास अडवू शकते. तोंडात चावल्याची शंका असेल तर घरी थांबू नका.

खिडकीपाशी, दुपारी ३:२०

ठमी घरी आली.

काल गाडीत बसल्यावर ती ओरडायची थांबली आणि मला तीच भीती वाटली. पोचलो तेव्हा श्वास ६२, ठोके २४८, ताप ३९.६, रक्तदाबही जास्त. दोन्ही कान आणि खांद्यावरची कातडी उडत होती. तिथल्या डॉक्टरताईंनी आधी विचारलं काही दिलंय का, मी नाही म्हटलं, आणि ते एक वाक्य बोलताना मला रडू आलं. आत्या, काळूचं मी गाडीत परत वाचलं होतं.

तिला पेटीत ठेवलं, ब्युप्रेनॉर्फिन दिलं, थोड्या वेळाने मिडॅझोलॅम. पहाटे छातीची सोनोग्राफी केली, फुफ्फुसात पाणी नाही. प्राझोसिन लागलं नाही, वेदना कमी झाल्यावर रक्तदाब आपोआप उतरत गेला. सहाच्या सुमारास लाळ थांबली. अकराला चार घास खाल्ले, नर्सने मला बोलावून दाखवलं. फोटोवरून त्यांनी सांगितलं की लाल विंचवाच्या जातीतला दिसतो.

अजून लंगडतेय, पंजाला हात लावू देत नाही. दोन दिवस असं राहू शकतं म्हणाल्या. झोपेत श्वास मोजत राहायचा, ३० च्या आत हवा. आत्ता २६.

आता भीती दुसरीच. एक सापडला म्हणजे आणखी असतील का? भाऊ म्हणतोय सगळीकडे कीटकनाशक मारू.

मांजरांची_आत्या, दुपारी ३:५५

किती बरं वाटलं म्हणून सांगू. तिला माझ्याकडून काही देऊ नका, नुसतं झोपू द्या.

भावाला आधी थांबवा. घरात मारायच्या कितीतरी फवाऱ्यांत परमेथ्रिन किंवा त्याच्याच कुळातलं औषध असतं. वर डॉक्टरांनी लिहिलंय तेच ते. कालची रात्र काढलेल्या मांजराला ओल्या फरशीवरून चालवून पंजे चाटू द्यायचे नाहीत. आणि विंचू खाचेत दडून बसतात, नुसत्या फवाऱ्याने ते सहसा मरतही नाहीत.

त्यापेक्षा अतिनील बॅटरी आणा, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची. अंधार पडून तास-दीड तास झाला की घरातले दिवे घालवा आणि भिंतीच्या कडेने हळूहळू फिरवा. विंचवाच्या कवचातलं द्रव्य त्या उजेडात हिरवट-निळं चमकतं, चार-पाच फुटांवरूनही चुकत नाही. नुकती कात टाकलेला विंचू तेवढा चमकत नाही, म्हणून एका रात्रीवर थांबू नका, तीन-चार रात्री बघा. मांजर दुसऱ्या खोलीत बंद. पायात बूट. बॅटरीकडे थेट बघायचं नाही.

बाथरूमची जाळी, दाराखालची फट, पाइप भिंतीत शिरतो तिथली भोकं, कपडे धुण्याच्या यंत्राची मागची बाजू, जमिनीवर पडलेले खोके, ओली फडकी. माझ्याकडे सगळ्यात जास्त सापडले ते जमिनीवर सोडलेल्या पायपुसण्यांखाली. सापडला तर लांब दांड्याच्या चिमट्याने धरून झाकणाच्या बरणीत, बोटं जवळ न्यायची नाहीत. मादी असेल तर पाठीवर पांढरी पिल्लं दिसतील. विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवर असतात. अशी मादी धक्का न देता भांड्याखाली झाका, नाहीतर पिल्लं इकडेतिकडे पळतात.

आणि झुरळं. विंचू तुमच्या घरी तुमच्यासाठी येत नाही, झुरळांसाठी येतो. रात्री मोरीच्या नालीवर झाकण आणि ओटा कोरडा, एवढ्याने माझ्याकडे दोन वर्षांत फरक पडला.

पारवा, दुपारी ४:१०

पंजा सतत चाटून सोलायला लागली तर गळ्यात शंकू घाला, मऊ कापडाचा मिळतो. आणि ते गोळ्यांचं पाकीट कपाटात वरच राहू दे.

खिडकीपाशी, रात्री १०:४५

बॅटरी मिळाली. यंत्रामागे पाइपाच्या भोकाशी एक होता, हिरवा लखलखीत, कालच्यापेक्षा लहान. भावाने बरणीत घेतला. भोकात सध्या कापड कोंबलंय, उद्या सिमेंट. पायपुसणी सगळी उचलली. फवारा दुकानात परत जाणार.

शेजारचे आजोबा ठमीला बघायला आले होते. त्यांना पिल्लाची गोष्ट सांगितली, आत्या, तुमची. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी एक मांजर अशीच रात्री ओरडली होती आणि सकाळी गवताच्या गंजीमागे मेलेली सापडली. कशाने ते कोणी पाहिलं नाही.

आज ती पलंगाखाली गेली नाही. माझ्या उशीला पाठ लावून झोपलीये, डावा पंजा बाहेर काढून. २२.